गळाला न लागलेला कायदा

मी नऊ वर्षांचा असताना, आषाढातल्या एका सकाळी, आमच्या आतोबांनी कुंडलिकेच्या खाडीतून जिताडा आणला, सायकलच्या हँडलला टांगून. शेपटी रस्त्याला घासत होती म्हणून ते सायकलवर न बसता ती हातात धरून चालत आले. आत्याने पोट चिरलं तेव्हा गाबोळीच्या दोन पिवळ्या थैल्या निघाल्या, एकेक माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत भरेल एवढी. पाच घरांत वाटून उरली ती तांदळाच्या पिठात घोळवून तळली. त्या चवीपायी मी पुढे गळवाला झालो. आणि पुष्कळ वर्षांनी त्याच गाबोळीने मला कायद्याची पुस्तकं चाळायला लावली.

रायगडकरांना जिताडा कोण ते सांगायला नको. पेण-अलिबागच्या खारेपाटात पावसाळ्यात उधाणाच्या पाण्याबरोबर त्याची पिल्लं शेतांत, उघाडीपाशी शिरतात. ती धरून घरामागच्या तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षं जावयासारखी सांभाळायची. सरकारी काम अडलं की तळ्यातला सगळ्यात मोठा जिताडा साहेबांच्या बंगल्यावर पोहोचवायचा, असं जुनी माणसं डोळे मिचकावून सांगतात. गोव्यात हाच चोणक, मुंबईच्या बाजारात खजुरा, बंगालात भेटकी. कलकत्त्याचे गोरे साहेब त्याला मलायी ‘काकाप’वरून भलत्याच नावाने हाक मारत. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात नोंद आहे, की शहरातल्या निम्म्या युरोपीय सद्‌गृहस्थांची न्याहारी याच माशावर होते. हा मासा साहेबाला पूर्वीपासूनच आवडतो तर!

आता गरवण्याबद्दल. हौशी लोक महागड्या रॉडवर बोलत बसतात, पण जिताड्याच्या बाबतीत पंचांग जास्त उपयोगी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आतोबांनी मला पाढे पाठ व्हायच्या आधी शिकवलं. अष्टमीला पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पण अष्टमीला भांग असतो, पाण्याला ओढ नसते, आणि जिताडा आळशी. तो खाडीच्या वळणावर, बुडालेल्या खुंटाच्या किंवा जेट्टीच्या खांबाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि पाणी जे वाहून आणेल ते गिळतो. म्हणून पुनव-अवसेच्या आसपास, ओहोटी सुरू होताना खाडीचं पाणी ओहोळांतून परत निघतं, त्या तासाभरात ओहोळाच्या तोंडाशी उभं राहायचं. आमिष जिवंत हवं: बोटभर बोय किंवा टपोरी कोलंबी. बोय पाठीच्या काट्याच्या पुढे गळात ओवायची, कोलंबी शिंगाच्या मुळाशी. गळ जरा खोल गेला तर आमिष मरतं आणि मेलेल्या आमिषाकडे जिताडा ढुंकून पाहत नाही, शेंगट्या मात्र तुटून पडतात.

तो आमिष चावत नाही. तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, आणि अंधारात त्याचा ‘बुप्’ असा आवाज येतो. तो आवाज ऐकून नवखा माणूस झटका मारतो आणि हात हलवत घरी जातो. दोर ताणला जाईपर्यंत थांबायचं. मग तो उडी मारतो, पाण्याबाहेर डोकं झाडतो, आणि तेवढ्यात तंगूस ढिली पडली की खेळ संपला. शिवाय त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. पातळ तंगूस तिथे घासली की तुटते. त्यासाठी गळाजवळची हातभर तंगूस जाड लावतात. आतोबांच्या काळी काठीही नसे. हातदोरी, शिशाचा गोळा आणि अंगठ्याला गुंडाळलेलं फडकं. आज पोरं कृत्रिम मासोळ्या फेकतात, रबरी शेपटीच्या. त्यांनी जिताडा लागतो हे मला कबूल आहे. आवडत नाही एवढंच.

आर. मूर या संशोधकाचा १९७९ सालचा एक निबंध माझ्या हाती आला तो ह्याच नादात. पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर त्यांनी याच माशाचा अभ्यास केला होता. निष्कर्ष असा, की जिताडा बहुतेक वेळा नर म्हणून वयात येतो, काही वर्षं नर म्हणून जगतो, आणि मोठा झाल्यावर मादी होतो. साधारण ऐंशी सेंटिमीटर ते मीटरभर लांबीच्या टप्प्यात हा पालट होतो. म्हणजे खाडीतला लहान जिताडा सहसा बाप, आणि मोठा जवळजवळ नक्की आई. प्रत्येक मोठी मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी देते. हे काम खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात, पुनव-अवसेच्या भरतीच्या बेताने होतं, म्हणजे आम्ही गळ टाकून बसतो नेमक्या त्याच तिथींना.

आतोबांच्या सायकलवर काय होतं ते तेव्हा मला कळलं.

मग अर्थातच मी नियम शोधायला लागलो. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. तो मी दोनदा वाचला. सगळा कायदा नौकेभोवती फिरतो: नौकेचा परवाना, नौकेचं जाळं, नौकेला बंदी असलेला पट्टा. २०२१ च्या दुरुस्तीने दंड जबर वाढवले. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौका बंद राहतात. पूर्वी ही बंदी १० जूनला सुरू व्हायची आणि १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल तेव्हा उठायची. नव्या तारखेत पंचांग गेलं. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली, पण नौका १ ऑगस्टपासून मोकळ्या होत्या. बंदी लांबवा ही मच्छीमारांमधूनच येणारी मागणी मला रास्त वाटते. दर्याला नारळ द्यायच्या आधी दर्यात जायचं, ह्यात काहीतरी उर्मटपणा आहे. अर्थात बिगरयांत्रिक होडीला ही बंदी नाही, आणि जेट्टीवर रॉड घेऊन उभ्या असलेल्या माझ्यासारख्याला तर मुळीच नाही.

त्याच २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०. पिल्लं वाचली पाहिजेत, हे बरोबरच आहे. पण किमान लांबीचा नियम जिताड्याला लावला तर तो उलटा पडतो. त्यात लहान, म्हणजे नर, सुटतो, आणि मोठी, म्हणजे मादी, परातीत येते.

इथे गळवाला कुठेच का नाही, या प्रश्नाने मला एका विचित्र माणसापाशी नेलं. हेन्री सलिव्हन थॉमस, मद्रास मुलकी सेवेतला अधिकारी, दक्षिण कॅनराचा कलेक्टर. मुक्काम मंगळूर. महसूल गोळा करायला आलेला हा माणूस मनातून पक्का गळवाला होता. १८७० मध्ये त्याने दक्षिण कॅनरातल्या मत्स्यसंवर्धनावर एक अहवाल लिहिला. बारीक आसाची जाळी, ओढ्यात घातलेलं विष, नदी अडवून लावलेले बांध, यांनी मत्स्यबीजाचा कसा नाश होतो याची त्यात तक्रार आहे. आणि तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, मंगळुरात छापून घेतलेलं त्याचं ‘द रॉड इन इंडिया’ आलं. हिंदुस्थानात गळाने मासे कसे मारावेत याचं ते बायबल. महसीर या माशावर त्याचा विशेष जीव. म्हणजे एका हाताने तो गावकऱ्यांच्या जाळ्याविरुद्ध सरकारला लिहीत होता, दुसऱ्या हाताने आपल्या बिरादरीला गळ शिकवत होता. मला त्यात लबाडी दिसत नाही. गळ हे त्याला मासे मारण्याचं साधन वाटतच नव्हतं, तो खेळ होता. गावकरी करत होता ते ‘मारणं’.

थॉमससारख्यांच्या ओरड्यातून चौकशी निघाली आणि ती फ्रान्सिस डे याच्या पदरात पडली. डे (१८२९–१८८९) मद्रास सैन्यातला डॉक्टर, पण जिवाचा छंद मासे. १८७३ मध्ये त्याचे दोन अहवाल आले, गोड्या पाण्यातल्या माशांवर एक आणि समुद्रातल्यांवर एक. समुद्राच्या बाबतीत त्याला जाळ्यापेक्षा मिठावरचा कर सलत होता. मीठ महाग, म्हणून मासे खारवता येत नाहीत आणि कुजून जातात, हे दुखणं त्याने नेमकं हेरलं. पुढे १८७५ ते १८७८ मध्ये ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा त्याचा जाडजूड ग्रंथ आला. आजही माशाचं नाव अडलं की जाणकार डेच उघडतात.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ही भानगड मला फार आवडते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये माशांचा सर्वेसर्वा होता अल्बर्ट गुंथर, आणि डे-गुंथर यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. दोघांनी छापील ग्रंथांतून एकमेकांच्या चुका काढल्या. परिणाम असा, की डेने आपल्या हिंदुस्थानी माशांच्या संग्रहाचा मोठा भाग गुंथरच्या हाती पडू दिला नाही. तो १८८३ मध्ये थेट सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमला विकला. आपल्या किनाऱ्यांवरचे, नद्यांतले मासे दोन विद्वानांच्या रुसव्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या बरण्यांत जाऊन बसले. ऑस्ट्रेलिया या लेखात पुन्हा येणार आहे, म्हणून ध्यानात ठेवा.

अहवालांनंतर कायदा यायला चोवीस वर्षं गेली. १८९७ चा चौथा अधिनियम, इंडियन फिशरीज ॲक्ट. सातच कलमं, एका बैठकीत वाचून होतात. चौथं कलम सुरुंग-दारूने मासे मारण्याविरुद्ध. ते समुद्रालाही लागू आहे, किनाऱ्यापासून एक सागरी लीग, म्हणजे तीन सागरी मैलांपर्यंत. पाचवं विषाविरुद्ध. शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. सहावं कलम प्रांतांना नियम करायची मुभा देतं: रोवून ठेवलेली जाळी-सापळे, बांध, जाळ्यांचं माप आणि ती वापरण्याची रीत. एखाद्या पाण्यात सगळीच मासेमारी दोन वर्षांपर्यंत बंद ठेवता येते. आमची डोल रोवून लावायची, म्हणून ती या कलमात अलगद अडकते. पाग, बांध, विष, बॉम्ब, सगळे अडकतात. रॉडचं नाव नाही. आणि योगायोग पाहा, याच १८९७ साली थॉमसच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली!

हे कारस्थान होतं असं मी म्हणत नाही. सुरुंगाने खाडी उडवणारा आणि गळाने एक मासा काढणारा यांना एका तराजूत घालावं असंही नाही. पण कायदा ज्याने मागितला त्याच्या हातात गळ होता, आणि स्वतःच्या हातातली वस्तू माणसाला संशयास्पद वाटत नाही. तोच डोळा आपल्याला वारशाने मिळाला. १९८१ चा अधिनियम आपल्या लोकांनी केला, पण नजर तीच राहिली, संशय फक्त जाळ्यापासून इंजिनापर्यंत सरकला. पवईच्या तलावावर गळ टाकायचा तर गळवाल्यांच्या जुन्या संस्थेचं सभासद व्हावं लागतं. तिथून तासाभराच्या अंतरावर समुद्र आहे, आणि तिथे कुणी काहीच विचारत नाही.

आता ऑस्ट्रेलिया. तिथे जिताड्याचं नाव बारामुंडी, क्वीन्सलंडच्या एका मूळनिवासी भाषेतून आलेलं, आणि त्याच्यावर तिथल्या हौशी लोकांचा जीव आपल्या क्रिकेटइतका आहे. उत्तर प्रदेशात, म्हणजे त्यांच्या नॉर्दर्न टेरिटरीत, २०१५ पासून खुणेची पट्टी लावलेले मासे सोडतात, आणि ठरावीक पट्टीचा मासा लागला तर दहा लाख डॉलर मिळतात. त्या जत्रेशी मला घेणंदेणं नाही. मला क्वीन्सलंडचा नियम हवा होता. पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबरच्या दुपारी बारापासून १ फेब्रुवारीच्या दुपारी बारापर्यंत बारामुंडी धरायची नाही. तो त्यांच्याकडचा उन्हाळी पाऊस आणि तिच्या अंड्यांचा हंगाम. बाकीच्या काळात माणशी पाच. लांबी ५८ सेंटिमीटरपेक्षा कमी चालत नाही, आणि १२० पेक्षा जास्तही चालत नाही. मोठी मिळाली तर परत सोडायची. धरणांत सोडलेल्या माशांना मात्र सवलत आहे, कारण त्यांना अंड्यांसाठी समुद्र गाठताच येत नाही. मूर यांचं संशोधन त्या वरच्या आकड्यात उतरलंय.

आपल्याकडे प्रयोगशाळा मागे नाहीत. चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं प्रजनन बंदिस्त जागेत करून दाखवलं. राज्याचा कांदळवन कक्ष खाडीत पिंजरे लावून तो वाढवायला लोकांना मदत करतो. पिल्लं बनवता येतात म्हणजे खाडीतल्या आया खपवायला हरकत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने खारेपाटातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारावं, पूर्वीइतकी पिल्लं उघाडीपाशी येतात का.

गेल्या तीन पावसाळ्यांपासून मी माझ्यापुरता कायदा केला आहे. शिंप्याची टेप रॉडच्या बुडाला चिकटवली आणि बायकोच्या नेलपॉलिशने दोन खुणा केल्या, ५८ वर आणि ९० वर. माझी वरची मर्यादा मुद्दाम कडक ठेवली. ह्या तीन वर्षांत खालच्या खुणेपर्यंत पोहोचलेले दोन, दोन्ही नारळी पौर्णिमेनंतरचे. वरच्या खुणेपर्यंत एकही आला नाही. लाल रंग अजून कोरा करकरीत आहे.