हंगामापूर्वीची यादी

अमेरिकेत ऑगस्ट महिना लागला, की कॉलेजांच्या फुटबॉल-संघांविषयी भविष्ये वर्तविण्यास ऊत येतो. आपल्यापैकी कित्येक घरांतील मुले आज तेथील विद्यापीठांत शिकत असल्यामुळे हा उत्साह आम्हांस अगदीच परका राहिलेला नाही. तो फुटबॉल मात्र आपल्या ओळखीचा नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन अथवा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत न्यावयाचा, असा तो रेटारेटीचा खेळ आहे. मैदानात एका बाजूचे गडी अकराच. परंतु चढाईची तुकडी निराळी व बचावाची निराळी, म्हणून संघाची यादी शंभराच्या घरात जाते. ती वाचावी कशी, ह्याचा धडा कोलोरॅडो विद्यापीठाच्या संघाकडून घेण्यासारखा आहे.

२०२२ साली ह्या संघाने १२ पैकी एकच सामना जिंकला. तेव्हा डिऑन सँडर्स ह्या एके काळच्या नामांकित खेळाडूस प्रशिक्षक नेमण्यात आले. कॉलेज बदलूनही लगेच खेळण्याची मुभा विद्यार्थ्यांस २०२१ पासून मिळाली होतीच. सँडर्स ह्यांनी पहिल्याच भेटीत जुन्या गड्यांस अन्यत्र जाण्याविषयी बजावले, आणि २०२३ च्या यादीत ८० हून अधिक नावे नवी आली. त्यांत चेंडू फेकणारा त्यांचा पुत्र शेडूर होता. चढाई व बचाव दोन्हींत खेळणारा ट्रॅव्हिस हंटरही होता.

पहिलाच सामना ह्या संघाने आदल्या हंगामाच्या उपविजेत्यांविरुद्ध ४५-४२ असा जिंकला. लागोपाठ तीन विजय झाले. पण हंगामाअखेर १२ पैकी चारच! कारण उघड होते. चेंडू फेकणाऱ्यास उसंत मिळावी म्हणून पुढे पाच धिप्पाड गडी प्रतिपक्षास थोपवून धरतात. त्यांच्या हाती सहसा चेंडू येत नाही व त्यांच्यासाठी टाळ्याही वाजत नाहीत. एकमेकांचे पाऊल ओळखण्यास त्यांस दीर्घ सहवास लागतो, आणि तोच येथे नव्हता. शेडूर त्या हंगामात पन्नासाहून अधिक वेळा पाडला गेला.

२०२४ साली संघाने १३ पैकी नऊ सामने जिंकले व हंटर ह्यास हाइझमन पारितोषिक मिळाले. पुढे दोघेही व्यावसायिक खेळात गेले, आणि २०२५ साली विजय उरले तीन.

तेव्हा यादी वाचणाराने नामवंतांपूर्वी त्या पाच जणांकडे पाहावे, आणि नामवंत गेल्यावर मागे कोण उरेल हेही विचारावे. आमचे आणखी एक मागणे आहे. ज्या मुलांची नावे एका हंगामात यादीतून गळाली, तीही विद्यार्थीच होती. त्यांतील किती जणांचे शिक्षण पुरे झाले, ह्याची यादी कॉलेजांनी दर ऑगस्टात पहिल्या यादीशेजारी छापावी. कोणते कॉलेज मोठे, हे त्या दुसऱ्या यादीवरून आम्ही ठरवू.