लकवा झालेल्या आजी-आजोबांची घरी काळजी कशी घ्यायची?

'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ दरम्यान गडचिरोलीतल्या ८६ गावांमधल्या मृत्यूंची कारणं तपासली. सर्वाधिक, म्हणजे सुमारे १४ टक्के मृत्यू लकव्याने झाले होते आणि त्यातले बहुतेक घरीच. म्हणून घरच्यांना हे माहीत हवं.

कूस बदला: दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. टाचा, माकडहाड, खांदे रोज पाहा. लाल डाग दाबल्यावर फिका पडत नसेल, तर ती जखमेची सुरुवात आहे. तिथे चोळू नका.

बसवून भरवा: घास लहान, हनुवटी किंचित खाली. झोपवून पाजलेलं पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. वारंवार ठसका लागला तर डॉक्टरांना विचारा.

लुळा हात ओढू नका: खांदा सरकतो.

बीपीची गोळी बंद करू नका: बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारूनच.

पुन्हा तोंड वाकडं झालं, बोबडी वळली किंवा हात उचलेना? लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. मालिशवाल्याकडे नेण्यात हाच वेळ जातो.

आणि हे सगळं एकट्या सुनेवर टाकू नका. रात्रीची पाळी घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्या.