फोर्डने मजुरी दुप्पट का केली?

हेन्री फोर्ड यांच्या अमेरिकेतील हायलंड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये मोटार जोडणीची सरकती लाईन सुरू झाली. कल्पना शिकागोच्या कत्तलखान्यांची. तिथं टांगलेलं जनावर पुढं सरकायचं, प्रत्येक कसाई ठरलेला एकच भाग कापायचा. फोर्डने हेच उलटं केलं. गाडीचा सांगाडा पुढं सरकत गेला, कामगार जागेवरून एकेक भाग जोडत गेले. साडेबारा तासांचं काम दीड तासावर आलं.

पण दिवसभर तेच ते काम करून माणसं वैतागली, नोकरी सोडू लागली. शेवटी जानेवारी १९१४ मध्ये रोज जवळपास दुप्पट, ५ डॉलर झाला. कामाचे तास ९ वरून ८ वर आले. मात्र तो सरसकट नव्हता. कामगार दारू पितो का, बचत करतो का, हे बघायला कंपनीची माणसं घरी यायची.