वळचणीखालची पाकोळी

मे महिना उजाडला, की इंग्लंडमधल्या आपल्या गल्लीवरून कोयत्यासारख्या पंखांचे काळपट पक्षी किंचाळत सुसाट जाऊ लागतात. या आफ्रिकेतून आलेल्या पाकोळ्या. इथले लोक त्यांना स्विफ्ट म्हणतात. महाराष्ट्रात देवळांच्या नि किल्ल्यांच्या कमानींखाली राहणाऱ्या पाकोळीच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा असतो. हिचा गळा तेवढा फिकट, बाकी सगळी काळपट.

तारेवर बसलेली दिसली, तर ती भिंगरी समजावी. पाकोळी तारेवर बसत नाही. तिचे खाणे, पिणे, झोपणे सारे हवेत. काही पाकोळ्या सलग दहा महिने कुठेही टेकत नाहीत, असे स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले. भिंतीशी तिचा संबंध घरट्यापुरता, आणि नेमकी तिथेच अडचण झाली आहे. जोडी दरवर्षी त्याच फटीत परतते, पण छपराच्या दुरुस्तीत ती बुजलेली असते. २०२१ पासून हा पक्षी ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे.

म्हणून आधी जुनी घरटी शोधा. जून-जुलैच्या संध्याकाळी छपराच्या उंचीवरून थवा ओरडत गेला, तर वस्ती जवळच आहे. पाकोळी फटीत डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शिरते, तेव्हा नजर वळचणीवरच ठेवावी. ते घर शेजाऱ्यांचे असेल, तर मे ते ऑगस्ट तिथे परांची बांधू नका, असे त्यांना सांगा. वापरातले घरटे मोडणे ब्रिटनच्या १९८१च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

मग घरट्यासाठी पेटी. ती वळचणीखाली, निदान ५ मीटर उंचीवर, दुपारचे ऊन लागणार नाही अशी लावावी. दार आडवे: सुमारे ६५ मिलिमीटर रुंद, २८ मिलिमीटर उंच. अंडी गडगडू नयेत म्हणून आत उथळ खळगा हवा. पुष्कळांची चूक होते ती खालच्या जागेत. बाहेर पडताना पाकोळी आधी खाली झेपावते. तिथे झाड, वेल किंवा तारा नकोत. घर नवे बांधत असाल, तर भिंतीतच पोकळ वीट, म्हणजे स्विफ्ट ब्रिक, बसवून घ्या.

पेटी लावून नुसती वाट पाहिली, तर ती बहुधा रिकामीच राहते. तरुण पाकोळ्या जून-जुलैत जागा हेरत फिरतात. तेव्हा पेटीजवळच्या छोट्या स्पीकरवर सकाळ-संध्याकाळ त्यांचेच आवाज लावा. शेजाऱ्यांना आधी विचारा. तरी काही वेळा वर्षे जातात. मधल्या काळात चिमण्या राहायला आल्या, तर मला त्यात आनंदच वाटतो.

अंडी दोन-तीन, पिल्ले साधारण सहा आठवड्यांनी उडतात. थंडी-पावसात किडे मिळाले नाहीत, तर ती अंग गार करून निपचित पडतात आणि काही दिवस तग धरतात. ती मेली असे समजून पेटी उघडू नका.

पाकोळी जमिनीवर पडलेली सापडली, तर तिला हवेत भिरकावू नका. झाकणाला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून जवळच्या वन्यजीव उपचार केंद्राला फोन करा.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बहुतेक पाकोळ्या निघून जातात. पेटीतली पिसे नि काड्या झाडून काढू नका; पुढच्या मे महिन्यात जोडी तीच गादी वापरते.