विश्लेषण: विक्रमादित्याच्या जन्मकथेची एवढी टर उडवली, तरी प्रेक्षक चिडले का नाहीत? ‘गाढवाचं लग्न’ची गोष्ट आणि तिचं पैठण कनेक्शन

छत्रपती संभाजीनगर : शाप मिळालेला एक गंधर्व गाढव होऊन पृथ्वीवर येतो. कुंभाराच्या दारात ओझी वाहतो आणि एक दिवस माणसासारखं बोलू लागतो. मागणी एकच, राजकन्येशी लग्न लावून द्या! आता हे स्थळ घेऊन दरबारात जायचं कुणी? अर्थात कुंभारानं.

मकरंद अनासपुरे यांचा ‘गाढवाचं लग्न’ हा चित्रपट २००७ मध्ये आला. टीव्हीवर तो अजूनही लागतो आणि त्यातल्या प्रसंगांच्या क्लिप मोबाइलवर फिरत असतात. पाहणाऱ्यांपैकी अनेकांना मात्र कल्पना नसते, की आपण ज्याला हसतोय ती उज्जैनच्या विक्रमादित्याच्या जन्माची कथा आहे. विक्रम-वेताळातला तोच तो राजा. एरवी पुराणातल्या किंवा दंतकथेतल्या पात्राला जरा वेगळे कपडे घातले तरी वाद पेटतो. मग इथे इंद्रसभेपासून राजदरबारापर्यंत सगळ्यांची फिरकी घेऊनही प्रेक्षक खूश कसे?

मूळ कथा काय आहे?

ही कथा जुनी आहे आणि तिची रूपं अनेक आहेत. बहुतेकांत नाव एकच येतं, गंधर्वसेन. काही ठिकाणी तो इंद्राचा मुलगा आहे, काही ठिकाणी साधा गंधर्व. इंद्राच्या दरबारात त्याच्याकडून आगळीक घडते आणि गाढव होण्याचा शाप मिळतो. पृथ्वीवर आल्यावर तो राजकन्येला मागणी घालतो. राजा नकार देत नाही, पण पुरी होणारच नाही अशी अट घालतो: एका रात्रीत नगराभोवती धातूचा तट उभा कर. सकाळी तट उभा! दिलेला शब्द राजाला पाळावा लागतो, लग्न होतं, शाप सुटतो आणि या जोडप्याच्या पोटी विक्रमादित्य जन्माला येतो.

जैन परंपरेतल्या कालकाचार्यांच्या कथेत उज्जैनच्या एका राजाचं नावच ‘गर्दभिल्ल’ आहे. गर्दभ म्हणजे गाढव. म्हणजे या राजघराण्याभोवती गाढव आधीपासूनच घुटमळत होतं. तमाशानं ते आणलं नाही, त्याला फक्त चांगला रोल दिला.

मग विनोद कुठून आला?

विनोद आला कुंभाराकडून. मूळ कथेत कुंभार असला तरी तो सोयीपुरता असतो. गाढवाला राहायला जागा हवी, म्हणून कुंभाराचं घर. हरिभाऊ वडगावकर यांनी वग लिहिताना नेमका हाच माणूस उचलला, त्याला सावळ्या हे नाव दिलं, गंगी नावाची तोडीस तोड बायको दिली आणि कथेच्या मधोमध आणून बसवलं. राजा, राजकन्या, इंद्र सगळे बाजूला सरकले.

दादू इंदुरीकर यांनी रंगमंचावर उभा केलेला सावळ्या हा मराठी लोकनाट्याच्या इतिहासातला मोठा टप्पा मानला जातो. त्यांच्यासोबत गंगीच्या भूमिकेत प्रभा शिवणेकर होत्या. संगीत नाटक अकादमीच्या पुरस्कारानं गौरवलेले इंदुरीकर हे तमाशाच्या बोर्डावरचे कलावंत होते. पुढे प्रकाश आणि जयमाला इनामदार या जोडीनं हा वग गाजवला, मोहन जोशी यांनीही सावळ्या केला. २००७ मध्ये राजू फुलकर दिग्दर्शित चित्रपट आला, तेव्हा ही गोष्ट किमान दोन पिढ्यांच्या पाठ होती.

अनासपुरे यांनी त्यात आणला तो बोलण्याचा ढंग. मराठवाड्याच्या मातीतला हा नट गावाकडची बोली नक्कल म्हणून बोलत नाही, तो ती घरची भाषा म्हणून बोलतो. तोपर्यंत पडद्यावर गावाकडचा माणूस बोलला की शहरातल्या प्रेक्षकानं हसावं, असा अलिखित करार होता. इथे गावाकडचा प्रेक्षकच आपल्या भाषेतल्या टोमण्यांवर हसत होता, आणि या दोन हसण्यांत बराच फरक आहे.

पैठणचा यात काय संबंध?

छत्रपती संभाजीनगरहून साधारण ५० किलोमीटरवर पैठण आहे. सातवाहनांची राजधानी, जुनं नाव प्रतिष्ठान. इथली सगळ्यात लाडकी दंतकथा शालिवाहनाची. पोर कुंभाराच्या घरी वाढतं, मातीचे सैनिक, मातीचे हत्ती-घोडे करून खेळतं. उज्जैनचा विक्रम चालून येतो तेव्हा त्या मातीच्या फौजेत प्राण भरले जातात आणि विक्रम हरतो. महाराष्ट्रात पंचांगावर अजूनही शालिवाहन शक छापला जातो. शक सुरू होतो इसवी सन ७८ मध्ये, विक्रम संवत त्याच्या १३५ वर्षं आधी. (शकाची सुरुवात काही इतिहासकार कुषाण राजा कनिष्काशी जोडतात, पण गुढी उभारताना कनिष्काची आठवण कोण काढतं?)

आता दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहा. एका कुंभाराच्या दारातून विक्रमाच्या आई-वडिलांचं लग्न जुळतं. दुसऱ्या कुंभाराच्या घरातून विक्रमाचा पराभव बाहेर पडतो. पहिल्या गोष्टीवर आपण पोट धरून हसतो, दुसरीचा अभिमान बाळगतो. पण दोन्हीकडे चाकावर बसलेला माणूस राजापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

गाढवाचं म्हणाल, तर पैठणला त्याचंही वावडं नाही. काशीहून रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल संत एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही कथा शाळेत प्रत्येकानं ऐकलेली असते. ज्ञानेश्वरांनी रेड्याकडून वेद वदवले तेही पैठणलाच, असं परंपरा सांगते. ज्या गावाच्या आठवणीत रेडा वेद म्हणतो, तिथल्या प्रेक्षकाला बोलणाऱ्या गाढवाचं आश्चर्य किती वाटणार? शिवाय एकनाथांची भारुडं आहेतच. वेडं-वाकडं सोंग घ्यायचं, लोकांना हसवायचं आणि हसता हसता अध्यात्म सांगायचं, ही रीत इथे १६व्या शतकापासून चालत आली आहे.

प्रेक्षकांची मतं कुठे फुटतात?

चित्रपट सगळ्यांना सारखाच आवडला, असं मात्र नाही. सगळ्यात ठाम तक्रार असते ती वग पाहिलेल्यांची. त्यांच्या मते चित्रपट ही त्या वगाची फिकी प्रत आहे. ही तक्रार केवळ ‘आमच्या वेळी’ या सुरातली म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्यामागे माध्यमाचा फरक आहे. तमाशात गण होतो, गवळण होते, बतावणी होते आणि मग वग. वगाची गोष्ट ठरलेली असली, तरी त्यातलं बोलणं नटाच्या हजरजबाबीपणावर चालतं. आज ज्या गावात खेळ आहे तिथला सरपंच, तिथला रस्ता, कालची बातमी, सगळं सावळ्याच्या तोंडी येऊ शकतं. इंद्राच्या दरबाराची थट्टा करता करता तालुक्याच्या कचेरीची थट्टा कधी सुरू झाली, हे समोरच्यालाही कळत नाही. थोडक्यात, वग दर रात्री अपडेट व्हायचा. चित्रपटाचं एकच व्हर्जन रिलीज होतं आणि ते कायमचं राहतं.

दुसरं मत गंगीबद्दलचं. नवरा-बायकोच्या भांडणावर उभे असलेले विनोद आणि तमाशाच्या वळणाचे द्व्यर्थी संवाद आजच्या अनेक प्रेक्षकांना खटकतात. कुटुंबासोबत टीव्हीवर पाहताना ते जास्तच जाणवतं. याच्या उलट, गंगी ही ऐकून घेणारी बाई नाही, ती सावळ्याला शब्दाला शब्द देते, म्हणून ती आवडणारेही आहेत. दोन्ही मतांत तथ्य आहे. गंगीचं तोंड चालतं हे खरं, पण शेवटी गोष्ट पुढे नेतो तो सावळ्याच.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड आहे आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. हसू येतं ते नक्की कुणाचं? दरबारात गांगरलेल्या कुंभाराचं, की कुंभारापुढे निरुत्तर झालेल्या दरबाराचं? कष्टकरी जातीतला माणूस भोळा, अडाणी दाखवायचा आणि त्यावर टाळ्या घ्यायच्या, ही मराठी पडद्याची जुनी सवय आहे. सावळ्या त्यातून पूर्ण सुटतो असं म्हणणं धाडसाचं होईल. तो कधी बावळट आहे, कधी बिलंदर. बिलंदर असतो तेव्हा हसू राजाचं होतं, बावळट असतो तेव्हा कुंभाराचं. वगात हा तोल त्या रात्रीचा नट सांभाळायचा. आता क्लिप कुठून कुठपर्यंत कापली आहे, यावर तो ठरतो. ३० सेकंदांच्या व्हिडिओत बहुतेक वेळा बावळटपणाच उरतो.

देवांची थट्टा चालते का?

तमाशात चालते, आणि भक्ती बाजूला ठेवून नव्हे. खेळाची सुरुवात गणेशाच्या वंदनानं होते. लगेच पुढे गवळणीत कृष्ण मथुरेच्या बाजाराची वाट अडवतो आणि मावशी त्याची यथेच्छ खिल्ली उडवते. मावशीचं काम करणारा पुरुष असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पाच मिनिटांपूर्वी हात जोडणारे तेच लोक हसतात.

‘वस्त्रहरण’ची जातकुळी याच्या जवळची. गंगाराम गवाणकर यांचं आणि मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवलेलं हे मालवणी नाटक १९८० मध्ये आलं आणि त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. त्यात फजिती द्रौपदीची होत नाही, महाभारताचं नाटक बसवायला निघालेल्या गावकऱ्यांची होते. कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’मध्ये (१९८३) तर रंगमंचावरची द्रौपदी म्हणजे साडीत गुंडाळलेलं आयुक्तांचं प्रेत आहे. महाभारत सुरू असताना मध्येच अकबर अवतरतो. नेम मात्र महाभारतावर नाही, बिल्डर आणि भ्रष्ट यंत्रणेवर आहे.

गरिबीतून आलेला विनोद बाहेरही आहे. ब्रिटनच्या मॉन्टी पायथन मंडळींनी १९७५ मध्ये राजा आर्थरच्या दंतकथेवर चित्रपट केला. घोड्यांचा खर्च परवडेना, तर सरदार नारळाच्या करवंट्या वाजवत चालत निघाले आणि तोच चित्रपटातला सगळ्यात गाजलेला विनोद ठरला. तमाशातला राजा रंगमंचावर एक गोल फेरी मारून उज्जैनला पोहोचतो, तो याच घराण्यातला. याच मंडळींनी १९७९ मध्ये ख्रिस्ताच्या काळातली गोष्ट घेतली, तेव्हा मात्र नॉर्वे आणि आयर्लंडमध्ये बंदी आली. शेजारच्या स्वीडनमध्ये मग जाहिरात झाली ती ‘नॉर्वेत बंदी घालावी लागली इतका विनोदी’ अशी.

मग वाद होतात ते कशामुळे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांच्या ‘जब वी मेट’ या नाटकाचा प्रयोग बंद पाडण्यात आला. रामलीलेत काम करणाऱ्या नटांचं पडद्यामागचं वागणं हा त्याचा विषय होता. धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपाखाली विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, नंतर जामीन मिळाला. कल्पना ‘वस्त्रहरण’पासून फार लांबची नव्हती. पण ४४ वर्षांत बरंच काही बदललं होतं.

कायदा काय सांगतो, हे इथे पाहायला हवं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे जुनं कलम २९५ अ, धार्मिक भावना दुखावण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करतं. मात्र कृत्य हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूनं केलेलं असावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्येच, रामजीलाल मोदी खटल्यात, नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमात बसत नाही, असं स्पष्ट केलं होतं. पण हेतू न्यायालयात तपासला जाईपर्यंत प्रयोग बंद पडलेला असतो.

गंमत म्हणजे प्रेक्षकांचा सर्वात मोठा राग अलीकडे एका गंभीर चित्रपटानं ओढवून घेतला. जून २०२३ मध्ये आलेल्या ‘आदिपुरुष’ला विनोद करायचाच नव्हता. चित्रपटगृहात हनुमानासाठी एक खुर्ची रिकामी ठेवण्याची घोषणा झाली होती. तरीही हनुमानाच्या तोंडची टपोरी भाषा ऐकून लोक संतापले, नंतर त्याच संवादांवर मीम झाले आणि काही दिवसांत निर्मात्यांना संवाद बदलावे लागले. सावळ्या याहून कितीतरी रांगडं बोलतो. पण तो कुंभार आहे, त्यानं तसंच बोलावं अशी प्रेक्षकाची अपेक्षा असते. शिवाय गणपतीला नमस्कार करून आलेला माणूस आपली फिरकी घेणार, हे तमाशाच्या प्रेक्षकाला आधीच सांगितलेलं असतं.

आता क्लिप पाहताना एवढं करून बघा. पूर्ण चित्रपट लावा आणि सावळ्या दरबारात शिरतो तिथे थोडं थांबा. आपण राजाकडे बघून हसतोय की त्याच्याकडे, हे तिथेच कळतं.