गोंदिया राहण्याजोगं ठेवायचं तर : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘हे मुंबई-पुण्याचे प्रश्न आहेत, आपलं गाव लहान आहे’

2011च्या जनगणनेत गोंदिया नगरपरिषदेच्या हद्दीत 1 लाख 32 हजारांहून अधिक लोक राहत होते. हा आकडा आजच्या शहराची खरी कल्पना देत नाही. फुलचूर, कुडवा, कटंगी ही कागदावर गावं आहेत, पण शहराची वस्ती तिथपर्यंत सलग पोचली आहे. नगरपरिषदेची हद्द नकाशावर एका रेषेशी संपते. सांडपाणी, धूर आणि डास यांना ती रेषा माहीत नसते.

2015 मध्ये केंद्राने स्मार्ट सिटी योजना आणली, तिच्यात 100 शहरं निवडली गेली आणि गोंदिया त्यांत नव्हतं. त्यामुळे ‘आपला नंबर लागला नाही’ अशी भावना झाली असेल तर ती समजण्यासारखी आहे. पण शहर आरोग्यदायी करण्याचा आणि त्या यादीचा संबंध फार थोडा. राज्य सरकारने 2 ऑक्टोबर 2020 पासून सुरू केलेलं ‘माझी वसुंधरा’ अभियान नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींसाठीही आहे, म्हणजे गोंदियासाठी आहे आणि कुडव्यासाठीही. मला तर लहान असणं ही या शहराची मोठी जमेची बाजू वाटते. मुंबईत मिठी नदीची जागा परत मिळवायची तर हजारो घरं हलवावी लागतात. गोंदियात काही नाले अजून उघडे आहेत, काही बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, अजून पाणी साचतं. ते आहे तसं राखायला आज फारसा खर्च नाही. दहा वर्षांनी असेल.

‘शहरातला तलाव म्हणजे अडकून पडलेली जमीन’

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या पट्ट्यात हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी उताराचा अंदाज घेऊन मातीच्या पाळी घातल्या आणि धानाला पाणी दिलं. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव हे त्याच परंपरेचं सर्वांत परिचित उदाहरण. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांना ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी हे नाव चिकटलं. आज 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. मालक बदलला, पण दरवर्षी गाळ काढणारी, पाळ दुरुस्त करणारी, पाण्याची वाटणी ठरवणारी गावची व्यवस्था नव्याने कोणी उभी केली नाही. पुष्कळ तलावांत गाळ साचला, कडेने बेशरमाची झुडपं माजली आणि ते निरुपयोगी दिसू लागले. दिसू लागले, एवढंच.

साधा हिशेब करू. 1 हेक्टरच्या बोडीत सरासरी 2 मीटर पाणी उभं राहिलं तर ते 2 कोटी लिटर होतं. आता दुसरी बाजू पाहा. 1 चौरस किलोमीटर वस्तीवर एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि आपल्या भागात असे दिवस येतात, तर 10 कोटी लिटर पाणी खाली येतं. गच्च्या, काँक्रीट आणि गट्टू यांनी जमीन झाकलेली असेल तर त्यातलं बहुतेक पाणी वाहतंच. वाटेत बोडी असेल तर ते तिथे थांबतं, मुरतं, आसपासच्या विहिरींना येतं. बोडी बुजवून तिथे प्लॉट पाडले तर तेच पाणी प्लॉटवरच्या घरांत शिरतं. मग त्याला आपण नैसर्गिक आपत्ती म्हणतो.

इथे आणखी एक बारीक गोष्ट आहे. तलाव बुजवला नाही म्हणजे तो वाचला, असंही नाही. हे तलाव एकमेकांना जोडलेले असत. वरचा भरला की त्याचा सांडवा खालच्याला पाणी देई. पाणी आणणारा नाला मध्येच अडला किंवा त्याच्यावर रस्त्याचा भराव आला, की तलाव सातबारावर शाबूत राहतो आणि पावसाळ्यात कोरडा. त्यामुळे राखायचं असतं ते पाण्याच्या येण्याजाण्याच्या वाटेसकट. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2011च्या जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात गावतळ्यांवरची अतिक्रमणं नियमित करायला नकार दिला आणि ती हटवण्यासाठी योजना आखायला सगळ्या राज्यांना सांगितलं.

शहराच्या नळाला पाणी डांगोर्लीजवळ वैनगंगेतून येतं, म्हणून स्थानिक पाण्याची गरज संपली असं मानणारे भेटतात. पण उन्हाळ्यात वैनगंगाही आटते, आणि पांगोलीसारखी शहराला लागून वाहणारी नदी आपण सांडपाण्यासाठी वापरत राहिलो तर ते पाणी शेवटी त्याच खोऱ्यात उतरतं. घराच्या छतावरचा पाऊस तरी वाया का घालवायचा? जिल्ह्यात वर्षाला साधारण 1200 मिलिमीटर पाऊस धरला, तर 1000 चौरस फुटांच्या छतावरून, गळती-उडती वजा जाता, 80 ते 90 हजार लिटर पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडता येतं.

‘तलावामुळे डेंग्यू होतो, फवारणी झाली की तो जातो’

तलाव बुजवण्याच्या बाजूने हे कारण नेहमी पुढे येतं. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास घराजवळच्या साचलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ आणि थोड्याशा पाण्यात अंडी घालतो. कूलरची टाकी, फ्रिजमागचं तबक, अंगणातला टायर, कुंडीखालची ताटली, उघडा ड्रम या त्याच्या जागा. मासे असलेला जिवंत तलाव त्याला मानवत नाही. तुंबलेल्या घाण गटारात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोगाशी नातं असलेला. म्हणजे गटार वाहतं ठेवणंही गरजेचंच आहे, पण त्याने डेंग्यू टळत नाही.

आपल्याकडे प्रत्येक घरात कूलर. मे महिना संपला की तो बंद होतो आणि तळाचं पाणी तसंच राहतं. एडिसची अंडी कोरड्या पृष्ठभागावर महिनोन्महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडू लागतो. म्हणूनच आठवड्याचा कोरडा दिवस सांगितला जातो. त्या दिवशी टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, आतून घासावी लागते. धुराच्या फवारणीने फक्त उडते डास मरतात. अळ्या आणि अंडी तिथेच राहतात, त्यामुळे गाडी येऊन गेल्यावर वाटणारी निश्चिंती फार तर काही दिवसांची असते.

‘एक झाड तोडलं, दहा रोपं लावली, हिशेब पूर्ण’

विदर्भातला उन्हाळा सोसणाऱ्याला या हिशेबातली खोट चटकन कळावी. ‘गोंदिया 45 अंश’ असं पेपरात येतं तेव्हा तो पारा सावलीत, हवेशीर पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार-पाच फुटांवर मोजलेला असतो. उन्हातली डांबरी सडक त्याहून कितीतरी तापलेली असते, आणि दाट सावलीतली जमीन उन्हातल्या जमिनीपेक्षा 10 अंशांहून अधिक थंड असू शकते. चाळीस वर्षांच्या कडुलिंबाखाली भाजीवाली बसते, रिक्षा थांबतात, पोरं बसची वाट पाहतात. दहा रोपं जगली तरी हे काम करायला त्यांना वीस वर्षं लागतील, आणि शहराबाहेरच्या माळावर लावली तर कधीच जमणार नाही. राज्याच्या 1975च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. आपल्या वॉर्डात अशी झाडं कोणती, याची यादी नागरिकांनाही करता येईल.

बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा गट्टू बसवणं हीही तोडच आहे, फक्त हळू. काँक्रीट दिवसाची उष्णता रात्री सोडत राहतं, आणि उकाड्यात म्हाताऱ्या माणसांना खरा त्रास रात्री झोप न लागल्याने होतो. गच्चीला चुना किंवा पांढरा उष्णतारोधक रंग दिला तर खालची खोली काही अंशांनी उतरते. पत्र्याच्या घरात हा फरक सर्वांत जास्त जाणवतो, आणि तिथेच तो सर्वांत जास्त हवा आहे.

रस्ते रुंद केले की शहर सुधारलं, हाही याच जातीचा समज. गोंदियात बाजार, शाळा, स्टेशन ही ठिकाणं बहुतेकांना चालत किंवा सायकलने गाठण्याजोगी आहेत. रुंद आणि मोकळ्या रस्त्यावर वेग वाढतो. ताशी 30 किलोमीटरच्या धडकेत बहुतेक पादचारी वाचतात, 50 वर गेल्यावर मृत्यूचा धोका कित्येक पटींनी वाढतो. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांतला जवळजवळ प्रत्येक पाचवा पादचारी होता. त्यामुळे सलग फुटपाथ आणि सावली ही रस्त्याची सजावट मानू नये.

‘घंटागाडीत टाकला, कचरा संपला’

घंटागाडीत एकत्र टाकलेला कचरा पुढे ढीगच होतो. आपल्या घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला माल असतो. वेगळा ठेवला तर त्याचं खत होतं, प्लास्टिकमध्ये मिसळला तर दोन्ही वाया जातात, ढिगात मिथेन तयार होतो आणि आग लागते. 2016च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक असं घरातच वेगळं करणं बंधनकारक केलं आणि उघड्यावर जाळायला मनाई केली. लहान गावाला हे झेपत नाही म्हणणाऱ्यांनी सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याकडे पाहावं. गोंदियाहून कितीतरी लहान असलेल्या त्या नगरपरिषदेने घरोघरी वर्गीकरण बसवलं आणि जुन्या कचराडेपोच्या जागी लोक पाहायला जातात अशी बाग उभी केली.

‘प्रदूषण तिरोड्याला, शहराची हवा चांगली’

तिरोड्याजवळ 3300 मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, म्हणून धुराचा विषय निघाला की बोट तिकडे जातं. पण शहराची स्वतःची राख आहे, राइस मिलमधली. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा भुसा असतो. तो उसना तांदूळ करताना बॉयलरमध्ये जळतो आणि त्याचा पुन्हा सुमारे पाचवा हिस्सा राख होतो. 1 टन धानामागे 40 किलोच्या आसपास राख, आणि तिच्यात बहुतांश सिलिका. शेतातून आली म्हणून ही राख निरुपद्रवी ठरत नाही, बारीक कण फुप्फुसात खोल जातात. राइस मिल हा या शहराचा पोटापाण्याचा धंदा आहे, त्याला शत्रू ठरवण्यात अर्थ नाही. चिमणीला धूळ पकडणारी यंत्रणा, राखेची झाकून वाहतूक, धान भिजवलेल्या पाण्यावर प्रक्रिया हे सगळं जमण्यासारखं आहे. सिमेंट, विटा आणि पोलाद उद्योगांत या राखेला मागणीही आहे.

‘हे नगरपरिषदेचं काम, आपण काय करणार?’

काम नगरपरिषदेचंच आहे, पण तिच्या निर्णयात शिरायची दारं कमी आहेत हे ओळखून वागावं लागेल. 74व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या 3 लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. गोंदिया त्यात बसत नाही. गंमत अशी की हद्दीपलीकडच्या फुलचूरच्या माणसाला ग्रामसभेत उभं राहून प्रश्न विचारता येतो, अलीकडच्या माणसाला तशी सभा सहसा मिळत नाही. एक दार मात्र कायद्याने उघडं आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा ठरावीक मुदतीत कोणालाही लेखी हरकत घेता येते. तेव्हा आपल्या भागाचा नकाशा मागावा, जुन्या गावनकाशाशी ताडून पाहावा आणि प्रत्येक बोडी, तिच्याकडे येणारा नाला आणि सांडव्याची वाट त्यावर दाखवली आहे का ते तपासावं. जी दाखवलेली नसेल तिचा गट नंबर लिहून हरकत द्यावी आणि पोच घ्यावी.