पैलवानाला भेटायचे, ते कुस्ती झाल्यावर

सांगली - मोठ्या जोडीचा निकाल लागतो. चितपट करणाऱ्या पैलवानाला दोघे-तिघे खांद्यावर उचलतात, हलगीचा ठेका वाढतो आणि विजेता आखाड्याच्या कडेने फिरू लागतो. कडेला बसलेले लोक उठतात. कुणी दहाची, कुणी पन्नासाची, कुणी शंभराची नोट त्याच्या हातात ठेवतो. कुणी पाठीवर थाप मारतो, तर कुणी आपल्या लहान मुलाला पुढे करून त्याच्या कपाळाला पैलवानाच्या अंगावरची तांबडी माती लावून घेतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कुस्तीशौकिनाची आणि त्याच्या लाडक्या पैलवानाची भेट होते ती अशी. ही भेट फार तर अर्ध्या मिनिटाची असते. तिचे तिकीट नसते आणि तिच्यासाठी ओळखही लागत नाही. मात्र तिचे काही अलिखित नियम आहेत. शहरात वाढलेल्या आणि पैलवानाला भ्रमणध्वनीच्या पडद्यावरच पाहिलेल्या नव्या चाहत्यांना ते बहुधा ठाऊक नसतात.

पहिला नियम वेळेचा. गावच्या मैदानाला दुपारी सुरुवात होते. आधी लहान मुलांच्या कुस्त्या लागतात. त्यांच्या जोडी तिथल्या तिथे, वय आणि अंगपिंड पाहून ठरवल्या जातात आणि इनामही थोडके असते. ऊन उतरू लागले की इनामाची रक्कम चढत जाते. शेवटच्या पाच-सहा कुस्त्या मात्र आधीच नेमलेल्या असतात. त्यांची छायाचित्रे आठ-पंधरा दिवस अगोदर चौकातल्या फलकांवर झळकतात. शौकीन घरून निघतो तो या फलकावरचे नाव पाहून. ‘काटाजोड’ असेल तर चाळीस-पन्नास किलोमीटरवरून माणसे दुचाकीने येतात. पलूस तालुक्यातील कुंडलचे मैदान याबाबतीत प्रसिद्ध आहे. डोंगराच्या पायथ्याचा उतार हाच तिथला प्रेक्षकसज्जा. त्या उतारावर बसलेल्या हजारो माणसांना खालचा आखाडा तळहातासारखा दिसतो. साताऱ्यात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा बैलबाजारासाठी जेवढी प्रसिद्ध, तेवढीच कुस्त्यांसाठी.

नेमलेला पैलवान मैदानावर येतो तो बराच आधी. कुठे झाडाखाली, कुठे मंडपाच्या मागे तो आपल्या वस्तादांसह बसलेला असतो. त्याला गाठण्याचा मोह चाहत्याला होतो तो याच वेळी, आणि नेमकी हीच वेळ चुकीची. कुस्तीआधीचा तास पैलवानाचा नसतो, वस्तादांचा असतो. अंग तापवून ठेवायचे असते. समोरच्याचा आवडता डाव घिस्सा आहे की एकलंगी, तो उजव्या अंगाचा आहे की डाव्या, हे मनात घोळत असते. बोलण्याने ते घोळणे मोडते. कुस्तीपूर्वी नजर लागते, ही समजूतही आहेच. ती बाजूला ठेवली, तरी थंड पडलेल्या अंगाने मातीत उतरल्यास स्नायू दुखावतो, हे कोणताही वस्ताद सांगेल.

प्रस्तुत लेखकाने हा नियम दहाव्या वर्षी मोडला होता. खटाव तालुक्यातील एका जत्रेत वडिलांचा हात सोडून मी थेट मंडपामागे गेलो आणि ज्याचे छायाचित्र महिनाभर वहीत जपले होते, त्या पैलवानासमोर उभा राहिलो. काय बोलावे ते सुचेना. शेवटी ‘तुम्ही जिंकणार ना?’ एवढेच विचारले. पैलवानाने मान वर केली, पण उत्तर दिले नाही. शेजारी बसलेल्या वस्तादांनी ‘बाळ, मागनं ये, आत्ता न्हाय’ म्हणून मला बाहेर काढले. ती कुस्ती पाऊण तास चालून बरोबरीत सुटली. बरोबरी आपल्या प्रश्नामुळेच झाली, असे मला पुढे तीन-चार वर्षे वाटत होते. कुस्ती सुटल्यावर मी गर्दीत उभा होतो. निकाल नसल्याने फेरी निघाली नाही. तरी तो चालत कडेने गेला. वडिलांनी माझ्या मुठीत दिलेली पाचाची नोट मी पुढे केली, त्याने ती घेतली आणि मातीचा हात डोक्यावर ठेवला. तो हात किती गरम होता, हे अजून आठवते.

चाहत्याने कधी आणि कुठवर जवळ जावे, हा प्रश्न एकट्या कुस्तीचा नाही. बर्फावरच्या फिगर स्केटिंगचे उदाहरण घेण्याजोगे आहे. या खेळात कार्यक्रम संपताच प्रेक्षक गॅलरीतून बर्फावर मऊ खेळणी आणि फुले टाकत आले आहेत. २०१४ आणि २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा जपानचा युझुरू हान्यू खेळून थांबला, की पिवळ्या ‘विनी द पू’ अस्वलांचा अक्षरशः पाऊस पडत असे. ती गोळा करण्यासाठी लहान स्केटर मुले-मुली बर्फावर धावत. जुलै २०२२ मध्ये हान्यू स्पर्धेतून निवृत्त झाला. खेळाडू मात्र त्या वेळी चाहत्यांच्या हाती लागत नाही. तो प्रशिक्षकाशेजारी एका कोपऱ्यात बसून गुणांची वाट पाहत असतो आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर असतो. फुले टाकायची, तर ती घट्ट गुंडाळलेली असावी लागत. बर्फावर पडलेली एक पाकळी पुढच्या स्केटरच्या पात्याखाली आली, तर तो कोसळू शकतो.

आपल्या मातीचेही तसेच आहे. आखाड्याची माती साधी नसते. ती चाळून, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून, उलथापालथ करून मऊ केलेली असते. तिच्यात पडलेले नाणे किंवा हारातली टाचणी पुढच्या जोडीतल्या कुणाच्याही पाठीत रुतू शकते. म्हणून जाणते शौकीन पैसे आखाड्यात फेकत नाहीत, हातात देतात, आणि हार आखाड्याबाहेर घालतात. पादत्राणे घालून आत पाऊल टाकणे तर अक्षम्यच. पैलवान स्वतः आत उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावतो. चाहत्याने निदान चपला काढाव्यात.

आता त्या नोटेविषयी. बाहेरून आलेल्या पाहुण्याला ती फेरी कधी कधी याचनेसारखी वाटते, आणि तसे वाटणे चूक आहे. पैलवानाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण, हा शेतकरी कुटुंबाला परवडणारा खर्च नव्हे. तालमीत राहणारा मुलगा घरी पैसे पाठवत नाही, उलट घराकडूनच मागतो. इनामाचा मोठा आकडा फलकावर असतो, पण तो मिळतो मोजक्या दोन-चार जोडींना. मधल्या फळीतल्या पोरांचा आठवड्याचा खुराक कडेच्या लोकांनी दिलेल्या नोटांवर चालतो. करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये जत्रा बंद राहिल्या, तेव्हा या पैशाचे मोल किती होते, ते तालमींना कळले. त्या काळात अनेक पैलवान शेतमजुरीला गेले.

हा व्यवहार किती जुना आणि किती मोलाचा आहे, हे कराडजवळच्या गोळेश्वरला जाऊन पाहावे. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १९२६ मध्ये इथेच झाला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी मात्र पैसे नव्हते. गावकऱ्यांनी आणि कराडच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ते परतले तेव्हा कराड स्थानकावरून शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि एरवी पाव तासाच्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले, असे सांगितले जाते. मिरवणुकीत आलेला जवळपास प्रत्येक जण त्या पदकातला भागीदार होता, हे ध्यानात घेतले की ते सात तास नवलाचे वाटत नाहीत. पुढे कुस्त्यांची मैदाने भरवून खाशाबांनी खर्डेकरांचे कर्ज फेडल्याची हकिकतही भागात सर्वश्रुत आहे.

पण याच हकिकतीला दुसरी बाजू आहे आणि ती शौकिनांनी विसरू नये. बैलगाड्या घरी परतल्यावर खाशाबा पोलिस खात्यात उपनिरीक्षक झाले, ते १९५५ मध्ये. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. भेटायला जमणारी गर्दी आणि पाठीशी उभी राहणारी गर्दी, यांतले अंतर त्यांच्या वाट्याला पुरेपूर आले.

सांगलीची परंपराही याच तोडीची. १९६१ चे पहिले महाराष्ट्र केसरी दिनकर दह्यारी सांगलीचे. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोघा हिंदकेसरींनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले. या दोघांना पाहिलेली म्हातारी माणसे अजूनही पारावर भेटतात, आणि कुणाची छाती किती इंच होती यावर त्यांचे वाद रंगतात. आकडा दर वर्षी वाढतो, एवढे मात्र खरे.

मॅटवरच्या स्पर्धांनी भेटीची रीत बदलली आहे. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, निळा-लाल पोशाख, गुणफलक आणि चित्रफितीवरून निर्णयाचा फेरविचार. कडेला लोखंडी कठडे. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने अंतिम लढतीत विशाल बनकरला हरवून दोन दशकांनंतर गदा कोल्हापूरला नेली. अशा स्पर्धेत चाहत्याला विजेता दिसतो तो पोलिसांच्या आणि कार्यकर्त्यांच्या कड्यातून. फेरी नसते, मातीचा हात नसतो. त्या जागी छायाचित्रे काढून घेणाऱ्यांची झुंबड असते. वजन राखण्यासाठी अन्नपाणी तोडलेल्या, तीन लढती खेळून थकलेल्या मुलाच्या मानेत हात टाकून वीस-पंचवीस जणांनी एकामागून एक छायाचित्रे काढून घ्यावीत, हे प्रेम म्हणावे की छळ, हा प्रश्न पडतो. मान आणि खांदा, हीच त्याची दुखरी ठिकाणे असतात.

चाहतेपणाचा याहून वाईट प्रकार जानेवारी २०२३ मध्ये दिसला. पुण्यातील महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीतील गुणांवरून समाजमाध्यमांवर रणकंदन माजले आणि प्रकरण पंचांना धमकीचा दूरध्वनी येण्यापर्यंत गेले. त्याच सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला गदा जिंकून दाखवली. पैलवानाने उत्तर मैदानात दिले. चाहत्यांना तेवढा धीर नव्हता.

मुलींची गोष्ट वेगळी आहे आणि अधिक आशादायकही. गावच्या मैदानात स्त्रिया दिसत नसत. आखाड्याच्या कडेला त्यांनी बसू नये, असाच संकेत होता. मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तुंग गावच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून ती जिंकली. आपल्या जिल्ह्यातली मुलगी आपल्याच जिल्ह्यात किताब घेते आणि तिला भेटायला मुलींना पुरुषांच्या गर्दीतून वाट काढावी लागत नाही, हे इथे प्रथमच घडत होते. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाच्या नावाची जर्सी घालणाऱ्या मुली शहरात गल्लोगल्ली आहेत, पण स्मृतीला भेटणे आता त्यांच्या आवाक्यात राहिलेले नाही. कुस्तीगीर मुलगी मात्र शेजारच्या गावच्या तालमीत संध्याकाळी भेटू शकते.

आणि खरे तर पुरुष पैलवानाच्या बाबतीतही तीच उत्तम जागा. मैदानातली भेट अर्ध्या मिनिटाची. तालमीतली भेट, वस्तादांची परवानगी असेल तर, तासाभराची. पहाटेचा सराव चार-साडेचारला सुरू होतो. त्या वेळी जाऊ नये. संध्याकाळी जोर-बैठका आणि लढती उरकून मुले अंगावरची माती झटकत बाहेर ओट्यावर बसतात, ती वेळ साधावी. चपला दाराबाहेर, आधी वस्तादांना नमस्कार. पैलवानाचा चुरगळलेला, गाठाळलेला कान पाहून दचकू नये. वर्षानुवर्षे समोरच्याच्या डोक्यावर घासून तो तसा होतो आणि तालमीत त्याला अभिमानाने मिरवले जाते. पुष्पगुच्छ न्यायचा विचार असेल, तर त्या पैशात पाव किलो बदाम येतात. ते वस्तादांच्या हाती द्यावेत. कोणाला किती, ते वाटून देतात.